फुजीच्या वाटेवर रात्रीचे पाणी

फुजी पर्वताची योशिदा वाट १ जुलैला उघडते आणि १० सप्टेंबरला बंद होते, हे मुलाकडून कळल्यावर आक्कांनी प्रथम भिंतीवरचे पंचांग उतरवून घेतले. हा पर्वत वर्षातून जेमतेम सत्तर दिवस माणसांना वर येऊ देतो आणि त्यातले बहुतेक दिवस चातुर्मासात पडतात. चातुर्मासात दूरचा प्रवास करायचा नाही, हा आक्कांचा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनचा नेम. त्यातच भाद्रपदात दशलक्षण पर्व. सुदैवाने यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे आषाढ शुद्ध चतुर्दशी जुलैच्या अखेरीस येत होती. जपानमधला पावसाळा साधारण वीस जुलैच्या सुमारास ओसरतो, असे मुलाने कळवले होते. अण्णांनी पेढीवर बसूनच हिशेब मांडला. पाऊस ओसरण्याची वाट पाहायची आणि चतुर्दशीच्या आत घरी परतायचे, तर हाती पाच-सहा दिवस उरत होते. तिकिटे त्याच दिवसांची निघाली.

इचलकरंजीतले हे कापडाच्या व्यापाराचे घर. अण्णांची यंदा साठी, आक्का त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. घरात आणि गल्लीतही सर्वजण त्यांना आक्काच म्हणतात. थोरला मुलगा आणि सून पाच वर्षांपासून योकोहामाला आहेत. वडिलांच्या साठीनिमित्त आईवडिलांना फुजीच्या शिखरावरून सूर्योदय दाखवायचा, ही कल्पना मुलाची. त्याने मार्गदर्शकासह जाणाऱ्या एका गटात चार जागा धरल्या, पैसे भरले आणि मग घरी फोन केला.

अशा गटाचा क्रम ठरलेला असतो. ३७७६ मीटर उंचीच्या या पर्वताच्या पाचव्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सुमारे २३०० मीटरपर्यंत, बस जाते. तेथे तासभर थांबून शरीराला हवेची सवय होऊ द्यायची आणि दुपारी चालू लागायचे. संध्याकाळपर्यंत सातव्या किंवा आठव्या टप्प्यावरच्या झोपडीवजा विश्रामगृहात पोहोचायचे, ओळीने अंथरलेल्या बिछान्यांवर काही तास पाठ टेकायची आणि मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास डोक्याला दिवा बांधून पुन्हा चढायचे. पहाटे साडेचारच्या आसपास शिखरावर सूर्य उगवताना पाहायचा. त्या दर्शनाला जपानी लोक ‘गोराइको’ म्हणतात आणि ते शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली आणतात, असे सुनेने सांगितले.

हे ऐकून अण्णा-आक्का बिचकले नाहीत. त्याला कारण होते. रात्री उठून डोंगर चढणे जैन माणसाला नवे नसते. सम्मेद शिखरजीला मधुबनातून पहाटे दोन-तीनला निघायचे, अंधारात नऊ किलोमीटर चढायचे, टोंकांची वंदना करीत तितकेच फिरायचे आणि तितकेच उतरायचे. सत्तावीस किलोमीटर, अनवाणी. आणि अनेकजण खाली परतेपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. आक्कांनी ही वंदना तीनदा केली होती, तिन्ही वेळा पायी आणि निर्जळी. त्यामुळे ‘रात्रीचा चढ’ म्हणताच त्यांच्या मनात शिखरजी उभे राहिले आणि तेथेच हिशेबाची पहिली गल्लत झाली.

तयारी जानेवारीत सुरू झाली. दर रविवारी पहाटे कुंभोजगिरीच्या बाहुबलीच्या पायऱ्या, महिन्यातून एकदा पन्हाळा, फेब्रुवारीत कळसूबाई. पाठीवरच्या पिशवीत आक्का मूग भरीत. पहिल्या आठवड्यात एक किलो, मग दीड, मग दोन. घरातल्या तागडीवर तोलून. मे महिन्यात तो भार पाच किलोंवर गेला. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर अण्णांचा उजवा गुडघा कुरकुरला, तेव्हा एकाऐवजी दोन काठ्या घेण्याचे ठरले. पायाखालचा तो काळा दगडही लाव्हाचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हाच्या थरांनी दख्खन बांधली, त्याच थरांवर आपण दुकाने थाटून बसलो आहोत, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. फरक इतकाच की आपला ज्वालामुखी कायमचा शांत झाला. फुजी मात्र जिवंत मानला जातो. तो शेवटचा १७०७ साली भडकला, तेव्हा सुमारे शंभर किलोमीटरवरच्या एडोत, म्हणजे आजच्या तोक्योत, राख पडली होती.

एप्रिलमध्ये आक्कांनी रंगीत तालीम केली. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आणि पाणी आटोपून त्या पन्हाळ्याच्या पायथ्याला मुक्कामाला गेल्या, रात्री एकला उठल्या आणि पहाटेपर्यंत चालल्या. सूर्य वर आल्यावर दोन घटकांनी पाणी घेतले. डोके दुखले नाही, पाय थकले नाहीत. मुलाला फोनवर हे सांगताना त्यांच्या आवाजात समाधान होते. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आई, पन्हाळा हजार मीटरसुद्धा नाही गं.”

त्याचे म्हणणे घरच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितले. शिखरजीचा पारसनाथ डोंगर १३६५ मीटरचा, कळसूबाई १६४६ मीटरचे. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, म्हणजे फुजीची बस जेथे सोडते त्याच्या थोडेसे वर. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच उरतो. एका श्वासात मिळणारा प्राणवायू त्या प्रमाणात घटतो, म्हणून श्वास जलद होतो. हवा कोरडी असते, म्हणून प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातले पाणी जाते. शिवाय उंचीवर लघवीचे प्रमाणही वाढते. तहानेने डोके दुखते, मळमळते. विरळ हवेच्या त्रासातही डोके दुखते आणि मळमळते. पाणीच घेतले नसेल, तर हे दुखणे कशाचे आहे, ते मार्गदर्शकालाही ओळखता येत नाही. डॉक्टर जैन नव्हते, परंतु तीस वर्षे या घराचे होते. ते एवढेच म्हणाले, “आक्का, पाय तुमचे तयार आहेत. फुप्फुसांना शिखरजीचा अनुभव उपयोगी पडणार नाही.”

मुख्य अडचण येथे होती. अकरा वर्षांपूर्वी आक्कांनी आर्यिका माताजींसमोर रात्री अन्न आणि पाणी या दोन्हींच्या त्यागाचे व्रत घेतले होते. अण्णांचा त्याग अन्नापुरता; पाण्याची मोकळीक त्यांनी व्रत घेतानाच ठेवली होती. जुलैमध्ये फुजीवर सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे सहा-सव्वासहाला आक्कांचे पाणी बंद होणार आणि सकाळी साडेपाचच्या आत सुरू होणार नाही. हे अकरा तास योकोहामाच्या घरात सहज गेले असते. पण त्यातले शेवटचे साडेतीन-चार तास तीन हजार मीटरच्या वरच्या, सर्वांत खड्या चढावर जाणार होते.

मुलाचा युक्तिवाद कोणाही मुलाने केला असता तसाच होता. प्रवासात मोकळीक असते, आजारपणात औषध चालते, मग पाणी औषध समजून घ्यावे. तसे नसेल तर माताजींना विचारून एका रात्रीपुरती परवानगी घ्यावी. आक्कांनी त्याचे सगळे ऐकून घेतले. त्यांचे उत्तर दोन वाक्यांचे होते : “आजार आला, तर औषध घेईन. पण आजार मुद्दाम बोलावून आणायचा आणि मग त्यासाठी मोकळीक मागायची, हे माताजींसमोर मला बोलता येणार नाही.” मुलगा दुखावला. गटाचे पैसे परत मिळणारे नव्हते, पण त्याचे दुःख पैशांचे नव्हते. आईने शिखरावर उभे राहून सूर्य पाहावा, एवढेच चित्र त्याच्या मनात पाच वर्षे होते. आठवडाभर त्याचे फोन अण्णांनाच येत राहिले.

आक्कांनी सुचवलेला तोडगाही टिकला नाही. त्या म्हणाल्या, बापलेकांनी आणि सूनबाईने गटाबरोबर वर जावे, आपण विश्रामगृहात णमोकाराचा जप करीत बसू. परंतु गटातल्या कोणालाही मार्गदर्शकाविना मागे ठेवता येत नाही, असे आयोजकांनी कळवले. नियम योग्यच होता. अण्णा मात्र या तोडग्यावर वेगळ्याच कारणासाठी नाराज झाले. साठी त्यांची होती. पस्तीस वर्षे जिच्या जेवणाच्या वेळेवर दुकान बंद केले, तिला खाली बसवून वर जाण्यात त्यांना रस नव्हता. हे त्यांनी आक्कांना सांगितले नाही, फोनवर मुलाला सांगितले.

याच दिवसांत मुलाने फुजीविषयी वाचलेले काही घरी लिहून पाठवले. त्यातला एक भाग अण्णांनी पेढीवर शेजाऱ्यांनाही वाचून दाखवला. एडो काळात फुजीला मानणाऱ्या लोकांची मंडळे होती, त्यांना ‘को’ म्हणत. सदस्य दर महिन्याला थोडे पैसे जमा करीत आणि ज्याची चिठ्ठी निघेल तो त्या वर्षी सर्वांच्या वतीने पर्वतावर जाऊन येई. आपल्या भिशीचाच प्रकार, फक्त उचल यात्रेसाठी! पायथ्याशी ‘ओशी’ नावाचे पुरोहित त्यांना उतरवून घेत, शुद्धी करवीत आणि वाटाड्या देत. म्हणजे मार्गदर्शकासह फुजी चढण्याची पद्धत पर्यटन कंपन्यांनी काढलेली नाही. शिखरापर्यंत जाण्याची बंदी स्त्रियांवर मात्र १८७२ पर्यंत होती. २०१३ साली युनेस्कोने फुजीला जागतिक वारशात घेतले ते निसर्ग म्हणून नव्हे, सांस्कृतिक वारसा म्हणून. श्रद्धास्थान ही त्याची पहिली ओळख मानली गेली.

त्या पत्रात जिकिग्यो मिरोकु याची हकिकत होती. हा एडोतला तेलाचा व्यापारी. चांगला चाललेला व्यवसाय आणि धन त्याने सोडले आणि पुढे फेरीने तेल विकून निर्वाह केला. १७३३ मध्ये दुष्काळाने तांदळाचे भाव चढले, एडोत संतापलेल्या जमावाने एका बड्या तांदूळ व्यापाऱ्याचे घर मोडले, त्याच वर्षी मिरोकु फुजीवर गेला आणि एबोशी नावाच्या कातळापाशी त्याने आहार सोडला. एकतीस दिवस तो रोज शिष्याला उपदेश करीत होता. शिष्याने ते लिहून ठेवले. त्यानंतर त्याने देह ठेवला. योशिदा वाट त्या कातळावरूनच जाते.

ही हकिकत वाचून घरात सल्लेखनेची आठवण निघणे स्वाभाविक होते. दोन्हींची तुलना मात्र फार ताणू नये. मिरोकुच्या उपवासामागे लोकांचे दुःख दूर व्हावे हा संकल्प होता. सल्लेखना ही कषाय आणि काया कृश करण्याची, गुरूंच्या आज्ञेने होणारी साधना आहे. आक्कांनी त्यातून वेगळीच गोष्ट उचलली. त्या म्हणाल्या, “त्या व्यापाऱ्याने उपास केला तो एका जागी बसून. चढत-चढत केला नाही.”

आणि येथून मार्ग निघाला. योशिदा वाट पर्वताच्या उत्तर-पूर्व अंगाने चढते. त्यामुळे सातव्या-आठव्या टप्प्यावरच्या विश्रामगृहांच्या अंगणातूनही पूर्व क्षितिज उघडे दिसते. गोराइकोसाठी शिखरावरच असले पाहिजे, असे मुळीच नाही. जाणकार मार्गदर्शक तर गर्दीच्या दिवसांत तेथूनच सूर्य पाहण्याचा सल्ला देतात, कारण मध्यरात्रीनंतर वरच्या अरुंद वाटेवर दिव्यांची रांग लागते आणि थंडीत ताटकळावे लागते. जुलैतही शिखरावर पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो. तेव्हा रात्री चढायचेच नाही. आठव्या टप्प्यावर झोपायचे, अंगणातून सूर्य पाहायचा, दोन घटकांनी पाणी आणि खाणे घ्यायचे आणि मग उजेडात शिखराकडे निघायचे. रात्री शरीर स्वस्थ असेल, तर निर्जळी अकरा तासांचा भार फारसा नाही. रात्री डोके दुखू लागले, तर सकाळी खाली उतरायचे. शिखर राहिले तर राहिले. ही शेवटची अट आक्कांनीच घातली आणि मुलाकडून दोनदा वदवून घेतली. स्वतःच्या बाजूने त्यांनीही एक शब्द दिला. रात्री त्रास वाढला आणि मार्गदर्शकाने पाणी घ्या म्हटले, तर ते औषध समजून घेईन, घरी आल्यावर प्रायश्चित्त घेईन. पण लपवणार नाही.

गटात हे बसत नव्हते. चौघांसाठी वेगळा मार्गदर्शक घ्यावा लागला, त्याचे पैसे पहिल्या रकमेवर वरताण झाले. अण्णांनी ते बिनतक्रार भरले. २०२५ पासून योशिदा वाटेवर माणशी चार हजार येन शुल्क आहे, दिवसाला चार हजारांहून अधिक लोकांना सोडत नाहीत आणि विश्रामगृहात जागा नसलेल्यांना दुपारी दोननंतर पहाटे तीनपर्यंत फाटक बंद असते. न थांबता एका दमात रात्रभर चढून लोक आजारी पडत, ते थांबवण्यासाठी ही बंदी आली. आक्कांना हा नियम फार पटला.

सामानाची खरेदी मात्र वाटले त्याहून अवघड गेली. डोंगरावरच्या बुटांत कोठे ना कोठे कातडे असतेच. टाचेला पट्टी, नाहीतर जिभेवर तुकडा. चार दुकाने फिरल्यावर संपूर्ण कृत्रिम धाग्याचे बूट मिळाले. हलके आणि उबदार म्हणून विकली जाणारी जाकिटे बदकांच्या पिसांनी भरलेली असतात. ती बाजूला ठेवून कृत्रिम कापूस भरलेली घेतली, जी थोडी जड असतात पण भिजली तरी ऊब देतात. पावसाळ्याच्या शेपटात जाणाऱ्यांना हा फायदाच. हातमोज्यांच्या तळव्याला कातडे नाही ना, हे आक्का उलटून पाहत. लोकरीविषयी घरात दोन मते पडली आणि शेवटी आतले कपडेही कृत्रिम धाग्याचेच आले. सुती कपडे न्यायचेच नाहीत, कारण घामाने भिजलेले सूत अंगावर गारठते, हे ऐकून तीन पिढ्या सूत आणि कापड विकलेले अण्णा किंचित खट्टू झाले. उतरण्याची वाट वेगळी आहे आणि ती तांबड्या-काळ्या ज्वालामुखी खडीची आहे. ती बुटांत शिरू नये म्हणून घोट्यांवर बांधायचे कापडी आवरण त्यांनी विकत न घेता पेढीच्या शिंप्याकडून शिवून घेतले.

जेवणाचा प्रश्न सूनबाईने सोडवला. विश्रामगृहात रात्री बहुधा भात आणि मांसाचा रस्सा असतो आणि सोबतच्या सारातही सुक्या माशाचा अर्क असतो. म्हणून जेवणाविना फक्त निजण्याची जागा घेतली. ताजी फळे-भाज्या तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत. पावसाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा तीन दिवसांची, म्हणून पीठही येथून नेण्यात अर्थ नव्हता. तिकडे गहू विकत घेऊन निघण्याच्या आदल्या दिवशी दळायचा आणि दुधात मळून दशम्या करायच्या. इचलकरंजीहून गेले ते भाजलेल्या मूगडाळीचे डबे, खारीक, राजगिऱ्याच्या वड्या आणि मीठ-साखरेच्या पुड्या. गिर्यारोहकांच्या दुकानातल्या तयार खाऊंत मध किंवा जिलेटिन असते, ते वाचून-वाचून टाळावे लागते. पर्वतावर झरा नाही. पाणी विश्रामगृहात विकत मिळते आणि ते महाग असते. स्वच्छतागृहासाठीही दोन-तीनशे येन मोजावे लागतात, म्हणून शंभर येनची नाणी वेगळ्या बटव्यात. पाण्याचा दिवसाचा आराखडा डॉक्टरांनी करून दिला. संध्याकाळी एकदम लोटाभर पिऊन उपयोग नाही. सकाळपासून दर अर्ध्या तासाला दोन-दोन घोट घ्यायचे. आक्कांनी तो सराव जूनपासूनच सुरू केला आणि स्वयंपाकघरात घड्याळ लावले.

निघण्याच्या दहा दिवस आधी मुलाने नव्या मार्गदर्शकाला सविस्तर पत्र लिहिले : काय खात नाही, पाणी केव्हा थांबते, कोणत्या परिस्थितीत परत फिरायचे. दोन दिवसांनी उत्तर आले. त्याला सर्व मान्य होते, फक्त एक गोष्ट कळली नव्हती. सूर्योदयानंतर ‘दोन घटका’ म्हणजे नेमका किती वेळ? मुलाने कळवले, अठ्ठेचाळीस मिनिटे. त्याच संध्याकाळी मार्गदर्शकाचे सुधारित वेळापत्रक आले. त्यात एकची चढाई खोडलेली होती आणि आठव्या टप्प्याच्या रकान्यात दोन ओळी नव्याने आल्या होत्या : ४ वाजून ३५ मिनिटे, सूर्योदय. ५ वाजून २३ मिनिटे, आईंचे पाणी.